गोठलेल्याचा हक्क किती?

माणूस गोठवायचा, दोनशे वर्षांनी जागा करायचा आणि लगेच त्या काळातल्या कुणाच्या तरी प्रेमात पाडायचा, अशा विज्ञानकथांबद्दल माझी एकच तक्रार आहे. मागे राहिलेल्या जोडीदाराचं पुढे काय झालं, हे त्या सांगतच नाहीत. माणूस गोठवायला लागणारा द्रव नायट्रोजन आपल्याकडच्या शेतकऱ्याला नवा नाही. गाय माजावर आली की रेतनासाठी ज्या कॅनमधून कांडी काढतात, त्यात उणे १९६ अंशांचा हाच द्रव असतो. १९६७ च्या जानेवारीत अमेरिकेत जेम्स बेडफोर्ड या प्राध्यापकांचा देह गोठवला गेला. त्याच वर्षी मणिभाई देसाईंनी उरुळी कांचनला गुरांच्या पैदाशीचं काम करणारी बाएफ ही संस्था उभी केली. गोठवलेल्या रेतातून लाखो वासरं जन्मली, बेडफोर्ड अजून तसेच आहेत. पाव मिलिलिटरची कांडी झटकन, सारखी गोठते. अख्ख्या देहात बर्फाचे स्फटिक पेशी फाडतात. उद्या हेही जमेल, असं कुणी म्हणेल. म्हणू द्या. २०२३ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात शंभर दिवस गोठवून ठेवलेलं उंदराचं मूत्रपिंड पुन्हा बसवून चालवलं गेलंच आहे.

पण देह जागा झाला म्हणून नातं जागं होतं का? आपल्या पुराणांनी हा प्रश्न जास्त प्रामाणिकपणे हाताळला आहे. राजा ककुद्मी आपली मुलगी रेवती हिच्यासाठी स्थळ विचारायला ब्रह्मलोकी गेला. तिथे क्षणभर थांबला, तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगं उलटली आणि मनात धरलेले सगळे वर नातवंडांसकट नाहीसे झाले. रेवतीला बलराम मिळाला, पण त्या युगाच्या मानाने ती फार उंच होती. त्याने नांगराने तिला खाली ओढून आपल्याएवढी केली. नव्या काळात संसार मांडायचा तर जुळवून घेणं आलंच, आणि ते उशिरा आलेल्याच्या वाट्याला येतं.

आता मागे राहिलेल्या जोडीदाराकडे वळू. चीनमध्ये जिनानला एका गृहस्थाने २०१७ साली पत्नीचा देह गोठवला. त्याच्या आयुष्यात दुसरी जोडीदार आहे हे कळल्यावर २०२५ मध्ये त्याच्यावर टीकेची झोड उठली. हा विश्वासघात आहे, असं टीकाकारांचं म्हणणं. मला ते अजिबात पटत नाही. कायद्याने ती बाई मृत आहे, त्यामुळे तो विधुर आहे. आपल्याकडे १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही सात वर्षं जिवंत असल्याची खबर नसलेल्या जोडीदारापासून सुटका ठेवली आहे. मग जिच्या मृत्यूची खात्री आहे तिच्यासाठी जन्मभर थांबायचं कशाच्या आधारावर? तिच्या परतण्याची आशा त्याने सोडली नसेल, तर ती त्याची माया. पण त्या मायेचं कर्ज करून त्याच्या डोक्यावर कुणी ठेवू नये. आपल्या गावांत तरुण विधवांना याच न्यायाने पिढ्यान्‌पिढ्या बसवून ठेवलं गेलं, आणि त्यांच्या नवऱ्यांच्या बाबतीत तर परतण्याची शक्यताही कुणी सांगितली नव्हती.

ती खरंच परतली तर, हा आक्षेप उरतो. त्याचं उत्तर देह गोठवण्याच्या चळवळीच्या प्रवर्तकानेच आचरणातून दिलं. रॉबर्ट एटिंगरांनी पहिली पत्नी गेल्यावर तिचा देह गोठवला आणि दुसरं लग्न केलं. दुसरीलाही पुढे गोठवलं. २०११ मध्ये स्वतःही त्या दोघींचे देह ठेवलेल्या मिशिगनच्या संस्थेत जाऊन विसावले. तिघं जागे झाले तर काय ठरवायचं ते त्यांनी त्या तिघांवर सोडलं, आणि मधली वर्षं सोबतीने जगून घेतली.