रिव्काची आठवण, सँड्राचे काम

साखरखेर्ड्याला इतिहासाच्या पुस्तकात जागा मिळाली ती एका लढाईमुळे. १७२४ साली इथे निजाम-उल-मुल्कने मुबारिझखानाचा पराभव केला, खान मारला गेला आणि विजयाची खूण म्हणून गावाचे नाव फतेहखेर्डा ठेवण्यात आले. कोण जिंकले ते पुस्तक सांगते. त्या दिवशी कोणत्या बाईने कोणाचे लेकरू पोटाशी धरून वाचवले, ते सांगत नाही.

मैत्रिणींनो, ही गोष्ट फक्त तीनशे वर्षांपूर्वीची नाही. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर झालेल्या हल्ल्यात १६६ माणसे मारली गेली. त्यांत रिव्का होल्ट्झबर्ग होती. वय २८. इस्रायलमध्ये जन्मलेली ही ज्यू मुलगी नवरा गॅव्ह्रिएल याच्याबरोबर २००३ मध्ये मुंबईत आली. कुलाब्याच्या नरिमन हाऊसमध्ये दोघे ज्यू प्रवाशांसाठी केंद्र चालवत. आल्यागेल्याचे जेवणखाण, सणवार, पाहुण्यांची सरबराई हा तिचा संसार होता. पहिला मुलगा आनुवंशिक आजाराने गेला होता, दुसराही त्याच आजाराने अंथरुणाला खिळला होता. तिसरा मोशे दोन वर्षांचा होत होता आणि ती पुन्हा गरोदर होती. ज्या कोकणात बेने इस्रायली समाज शतकानुशतके निर्धास्त राहिला, त्याच्याच शेजारच्या शहरात ती केवळ ज्यू म्हणून मारली गेली.

मोशे वाचला तो सँड्रा सॅम्युएलमुळे. त्याला सांभाळणारी ही बाई रात्रभर खालच्या खोलीत लपून होती. सकाळी बाळाचे रडणे ऐकून ती वर गेली. आईवडील निपचित पडलेले, शेजारी मोशे. त्याला उचलून ती बाहेर धावली. तिच्याबरोबर बाहेर पडला तो तिथेच काम करणारा काझी झाकीर हुसेन. हल्ल्यानंतर ज्यांनी आपल्याला शेजारच्या मुसलमान घराकडे बोट दाखवायला शिकवले, त्यांना ही जोडी आठवून द्यावी.

पुढे सँड्रा मोशेबरोबर इस्रायलला गेली. तिचे स्वतःचे मुलगे भारतात राहिले. २०१० मध्ये त्या देशाने तिला मानद नागरिकत्व दिले. वर्तमानपत्रांनी तिला ‘दुसरी आई’ म्हटले. कौतुक खरेच, पण त्यात एक फसगतही आहे. बाईने लेकरू सांभाळले की ती माया ठरते, काम ठरत नाही. माया म्हटली की पगार, सुट्टी, आजारपण, म्हातारपण यांचा हिशेब कोणी मागत नाही.

महाराष्ट्राने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला तोही २००८ सालचाच. घरकामगारांसंबंधी आंतरराष्ट्रीय करार २०११ मध्ये झाला, तेव्हा भारताने बाजूने मत दिले, अनुमोदन मात्र दिलेले नाही. आपल्या गावांतून शहरात गेलेल्या किती बायका आज दुसऱ्यांची लेकरे वाढवतात? त्यांतल्या कितींची मंडळाकडे नोंद आहे?

२६ नोव्हेंबर हा संविधान दिनही आहे. यंदा त्या दिवशी प्रत्येक गटाने बैठक घ्यावी. रिव्काचे नाव घ्यावे, धर्म विचारून कोणाचाही जीव घेऊ देणार नाही असे म्हणावे. आणि उठण्यापूर्वी आपल्या वस्तीतल्या घरकामगार बायकांची यादी करून नोंदणीच्या कामाला लागावे. ज्या हातांनी लेकरे वाचतात, त्या हातांचा हिशेब आता आपणच मागायचा आहे.