तंग असावा, पण घोडा तंग नसावा

मार्गशीर्षात माळेगावची जत्रा जवळ आली की भालकी, औराद, बसवकल्याणकडचे घोड्यांचे शौकीन नांदेड जिल्ह्याची वाट धरतात. खंडोबाच्या या जत्रेत घोडा घेताना लोक दात, खूर, भोवरे सगळं पारखतात. खोगीर रंग बघून घेतात. ते खोगीर धरून ठेवणारा पोटाखालचा पट्टा, म्हणजे तंग, मात्र मिळेल तो उचलतात. जखम होते ती तिथंच, पुढच्या पायाच्या कोपरामागं, जिथं कातडी पातळ असते.

नायलॉनचा पट्टा स्वस्त आणि टिकाऊ, पण घाम शोषत नाही. ओल्या कातडीवर घासत राहतो. सुती किंवा लोकरीचा तंग घाम टिपतो. आपल्या शिवारातली अंबाडी दोराला बळकट, पण अंगाला खरखरीत. ती वापरायची तर आतून लोकरीचं अस्तर हवंच.

घेताना आतली बाजू स्वतःच्या मनगटावर घासून बघा. आपल्याला टोचलं तर घोड्यालाही टोचणार. गाठ किंवा जाड शिवण अंगाकडं नको. रुंदी चार बोटं तरी असावी. भीमाकाठच्या भीमथडी घोड्याचं अंग आटोपशीर. मोठ्या घोड्याचा तंग त्याला लांब पडतो आणि नीट आवळता येत नाही. म्हणून घरून दोरीनं माप घेऊन जा.

नवा तंग लगेच लांबच्या वाटेला लावू नका. साध्या पाण्यात धुऊन खळ काढा, सावलीत वाळवा. पहिले चार-पाच दिवस नुसतं खोगीर चढवून फिरवा, मग हलका स्वार, तोही अर्धा तास. नवं सूत ताणतं आणि बरेच घोडे तंग बांधताना पोट फुगवतात. त्यामुळं एकदम न आवळता शंभर पावलं चालवून पुन्हा आवळा. तंगाखाली दोन बोटं सपाट सरकली पाहिजेत.

सोडल्यावर तिथं हात फिरवा. केस झडले असतील, सूज किंवा ऊब लागली तर कातडी बरी होईपर्यंत स्वारी बंद. वाळलेल्या घामाचं मीठ आणि कुसळं रोज झटका. कडीजवळचे धागे तुटू लागले की तो तंग बाद. तिथं तुटला तर स्वार खोगिरासकट खाली येतो.

जत्रेत पोराला फोटोपुरतं घोड्यावर बसवणार असाल, तरी आधी तंगाखाली हात घालून बघा.