शेतकऱ्याचा सल्लागार कोण?

शिक्षण, संशोधन आणि विस्तार अशी आपल्या कृषी विद्यापीठांची तीन कामे सांगण्याचा प्रघात आहे. यांतील तिसरे नेहमी शेवटी उच्चारले जाते. माणसे आणि पैसा वाटतानाही त्याचा क्रम बहुधा तोच राहतो. विट्याच्या परिसरातील शेतकऱ्याचा विद्यापीठाशी संबंध येतो तो मात्र या तिसऱ्या कामापुरताच. म्हणून त्याची आजची अवस्था हा केवळ विद्यापीठाच्या कारभाराचा प्रश्न नव्हे. खानापूर तालुक्यातील बागाईतदाराने उद्या सकाळी कोणते औषध कोणाच्या सांगण्यावरून फवारायचे, इतका तो व्यवहाराचा आहे.

1968 साली राहुरीचे विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा अमेरिकेतील लँड-ग्रँट विद्यापीठांचा आदर्श आपल्यासमोर होता. त्या देशात 1914 च्या स्मिथ-लिव्हर कायद्याने विस्तारकार्य विद्यापीठांशीच जोडले गेले होते. आपण आदर्श घेतला, परंतु हा सांधा घेतला नाही. गावोगावचा विस्तार शासनाच्या कृषी खात्याकडेच राहिला. विद्यापीठाने खात्याला सांगावे, खात्याने शेतकऱ्याला सांगावे, अशी उतरंड ठरली. पुढे ऐंशीच्या दशकातील प्रशिक्षण व भेट योजनेने तीच अधिक काटेकोर केली. अन्नधान्याची टंचाई होती आणि संकरित बियाणे व खतांचा एकच निरोप सर्वत्र पोहोचवायचा होता, त्या काळी ही व्यवस्था उपयोगी पडली, हे मान्य केले पाहिजे.

आज निरोप एक राहिलेला नाही. ज्वारी-बाजरीच्या या दुष्काळी पट्ट्यात कराडजवळ टेंभू येथे उचललेले कृष्णेचे पाणी येऊ लागले आणि शेतीचे प्रश्नच बदलले. द्राक्षाला डाऊनी आणि भुरी, डाळिंबाला तेल्या आणि मर यांचे भय आहे. नव्या पाण्यावर ऊस वाढला तर कृष्णाकाठच्या अनेक गावांत जे झाले, म्हणजे अतिपाण्याने जमिनी क्षारपड झाल्या, त्याची सावली इथल्या निचरा नसलेल्या शिवारांवरही पडेल. अशा प्रश्नांना छापील शिफारस पुरत नाही. या बागेत, या मातीत, या आठवड्यात काय करावे हे कोणी तरी पाहून सांगावे लागते.

ते सांगणारी माणसे निर्माण झाली आहेत. एकराप्रमाणे मोबदला घेणारे खासगी सल्लागार द्राक्षपट्ट्यात आता रूढ आहेत. ज्याला तो खर्च पेलत नाही, तो रोगट पान खिशात घालून कृषिसेवा केंद्र गाठतो. दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही. त्याचे दुकान संध्याकाळीही उघडे असते, तो उधारी देतो आणि काही ना काही उत्तर हमखास देतो. परंतु उत्तर देणाऱ्याचा नफा त्याच उत्तरात गुंतलेला असेल, तर ‘या आठवड्यात काहीच फवारू नका’ हा सल्ला त्याच्या तोंडून कसा यावा? 2010 साली क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढनियंत्रकाचे अंश आढळल्याने भारतीय द्राक्षे युरोपात अडली, तेव्हा फटका बागाईतदाराला बसला. ज्याला काहीही विकायचे नाही असा सल्लागार म्हणजे विद्यापीठ, आणि आमच्या मते त्याचे खरे मोल आज यातच आहे.

शेतकऱ्याकडे केवळ देण्याच्या दृष्टीने पाहण्याची सवयही सोडली पाहिजे. ‘तास-ए-गणेश’ हे द्राक्षाचे वाण तासगाव तालुक्यातील बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी आपल्या बागेतून निवडले. ‘सोनाका’ सोलापूरकडील नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी. याचा अर्थ विद्यापीठ निरुपयोगी, असा मुळीच नव्हे. डाळिंबाचे ‘भगवा’ राहुरीचेच, आणि ‘फुले स्वरूपा’ ही हळद आपल्याच जिल्ह्यातील कसबे डिग्रजच्या केंद्राची. परंतु शिवारातील निरीक्षण प्रयोगशाळेत नेण्याचा मार्ग आपण बांधलाच नाही. आम्ही काही वर्षे शाळेत शिकवले आहे. वह्या न तपासता केवळ धडे पुढे रेटणाऱ्या गुरुजींचा वर्ग शांत असतो, एवढेच त्याचे वैशिष्ट्य.

दहा जिल्ह्यांचा पसारा असलेल्या विद्यापीठाकडून प्रत्येक बांधावर शास्त्रज्ञ मागणे हास्यास्पद होईल. रिक्त जागांचे रडगाणे जुने आहे. त्या भरल्याच पाहिजेत. पण हाती आहे त्याचा तरी नीट उपयोग व्हावा. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी ग्रामीण कार्यानुभवासाठी गावांत येतात, रांगोळीने गावाचा नकाशा काढतात, बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक दाखवतात आणि छायाचित्रे घेऊन परततात. त्यांनी तेवढ्याच मुदतीत प्रत्येक बागेचा फवारणीचा हिशेब, खर्च आणि न सुटलेला प्रश्न लिहून घेतला, तर विद्यापीठाला फुकट मिळणारा तो मोठा ऐवज ठरेल. शास्त्रज्ञाच्या बढतीत शोधनिबंधांची मोजदाद होते. बांधावरच्या कामालाही तिथे खरे वजन मिळाले पाहिजे.

चारही कृषी विद्यापीठांची संयुक्त संशोधन व विकास समिती दरवर्षी नव्या वाणांना व शिफारशींना मान्यता देते. तिच्या पुढच्या बैठकीत शिफारशींच्या आधी तालुक्यातालुक्यांतून आलेल्या प्रश्नांची यादी वाचली जावी, आणि मागील वर्षीच्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर अद्याप दिलेले नाही, हेही इतिवृत्तात नोंदवले जावे. खानापूर तालुक्याची यादी करण्यास ऑक्टोबरच्या छाटणीचा हंगाम सोयीचा आहे.