कडेला उभी असलेली माणसं

आपल्याकडच्या ग्रुप फोटोत कोण कुठे असणार, हे फोटोग्राफरने सांगायच्या आधीच ठरलेलं असतं. मधल्या खुर्च्या मानाच्या. तिथे हेडमास्तर, संस्थेचे अध्यक्ष, नाहीतर घरातली थोरली मंडळी. मग हुद्द्याने, नात्याने, वयाने माणसं बाजूला सरकत जातात आणि दोन्ही टोकांना येतात ती शेवटी हाक मारून बोलावलेली: शाळेचा शिपाई, लग्नघरात आठवडाभर राबलेली लांबची आत्या. फोटो मोबाइलवरून टाकताना कात्री लागते ती नेमकी याच टोकांना.

यामागे साधं गणित आहे. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवरची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटरची, म्हणजे ३:२. पुष्कळ कॅमेऱ्यांनी हेच प्रमाण पुढे चालवलं. २०१०मध्ये इन्स्टाग्राम आलं तेव्हा तिथे फक्त चौरस फोटो चालत. २०१५मध्ये उभ्या-आडव्याची मुभा मिळाली, पण मोबाइल आपण उभा धरतो, त्यामुळे उभ्या फोटोला पडद्यावर जास्त जागा मिळते. म्हणून आडवा फोटोसुद्धा ४:५मध्ये कोंबला जातो. ३:२चा फोटो चौरसात कापला तर त्याचा एक तृतीयांश भाग जातो. ४:५मध्ये कापला तर जवळजवळ निम्मा.

मध्यंतरी एका शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी १९७८च्या दहावीच्या तुकडीचा फोटो असाच कापून टाकला. मूळ फोटो मी एका मैत्रिणीच्या घरी पाहिलेला आहे. राखाडी पुठ्ठ्याच्या माउंटवर चिकटवलेला, खाली बारीक अक्षरांत ‘खुर्चीवर बसलेले, डावीकडून’, मग ‘उभे, पहिली रांग’ अशी सगळ्यांची नावं. उजव्या टोकाला शिपाई. पांढरी टोपी, खाकी कोट, गळ्यापर्यंतची सगळी बटणं लावलेली. फोटोसाठी तो तयार होऊन आला होता, हे कुणालाही कळावं. मोबाइलवरच्या फोटोत तो नाही. पुठ्ठाच गेल्यामुळे नावही नाही. मला याचा फार राग आला आणि अजून गेलेला नाही.

उपाय इतका सोपा आहे की न करण्याला सबब नाही. फोटो कापायचा नाही, त्याला बॉर्डर द्यायची. १०८० बाय १३५० पिक्सेलचा पांढरा कागद घ्या आणि त्यावर पूर्ण फोटो ९८० पिक्सेल रुंद करून ठेवा. दोन्ही बाजूंना ५०-५० पिक्सेल सुटतात, वर-खाली मिळून साधारण ७०० उरतात. बाजूची पट्टी मी मुद्दाम सांगते आहे. २०२५च्या जानेवारीपासून प्रोफाइलवरचे चौकोन ३:४ झाले, तिथे ४:५ फोटोच्या कडा प्रत्येकी ३४ पिक्सेल झाकल्या जातात. ५० सोडले असले की झाकली जाते ती नुसती पट्टी, माणूस नाही.

फोटो लहान दिसतो, ही तक्रार खरी आहे. पण लहान दिसलेला चेहरा बोटांनी मोठा करता येतो, कापलेला परत आणता येत नाही. रंग पांढरा किंवा फिका राखाडी पुरे. त्याच फोटोची धूसर प्रत मागे पसरण्याची पद्धत मला पसंत नाही, डोळा उगाच तिकडे ओढला जातो. त्याहून वाईट म्हणजे रिकाम्या जागेत एआयकडून मैदान, भिंत, झाडं भरून घेणं. जुन्या फोटोत नसलेली भिंत उभी करणं हा खोटेपणा आहे. कडेच्या माणसाचा अर्धा खांदा यंत्राने रचलेला असावा, हे मला चालणार नाही.

वेगवेगळ्या मापांची चित्रं एका मापात बसवण्याची अडचण काही आजची नाही. मुघल दरबारात लहानमोठी चित्रं आणि सुलेखनाचे नमुने एकाच अल्बममध्ये बांधायचे असत, तेव्हा चित्राभोवती रुंद हाशिया जोडून पानाचं माप जुळवलं जाई. जहांगीरच्या अल्बममधल्या एका पानाच्या हाशियात तर पुस्तक घडवणारे कारागीर काढले आहेत. कोणी कागद घोटतो आहे, कोणी पुस्तक बांधतो आहे. ज्यांच्या हातांनी ते पान तयार होई, त्यांना चित्रकाराने त्याच पानाच्या कडेला जागा दिली.

शाळांचे, गिरण्यांचे, तालमींचे जुने फोटो सध्या भराभर स्कॅन होत आहेत. ते करणाऱ्यांना माझी विनंती आहे: फोटो पुठ्ठ्यासकट स्कॅन करा. पुठ्ठ्यावरची नावं पडद्यावर वाचता येत नसतील तर बॉर्डरची खालची पट्टी रुंद ठेवून तिथे ती पुन्हा टाइप करा, डावीकडून उजवीकडे, शेवटच्या माणसापर्यंत. एखादं नाव पुसलं गेलं असेल तर त्या तुकडीतल्या कुणाला तरी आत्ताच फोन करा. १९७८ला दहावीत असलेली मुलं आज साठी ओलांडून गेली आहेत.