मोडलेला स्क्रू आणि आमचा धंदा

न्यूकॅसलला मी ज्यांच्याकडे भाड्याने राहतो, त्या घरमालकांनी एका रविवारी टेबलावर एक पितळी रील आणून ठेवलं. त्यांच्या आजोबांचं. फ्लाय फिशिंगचं, म्हणजे गळाला आमिषाऐवजी पिसं-दोऱ्याची खोटी माशी बांधून ट्राउट पकडतात, त्यातलं. कॉकेट नदीवर दोन पिढ्यांनी वापरलेलं. आता ते नुसतंच गरगर फिरत होतं. दोरी ओढली की येणारा कर्रर्र आवाज गेला होता. आत एका दातेरी चक्रावर खिट्टी दाबून धरणारी स्प्रिंग असते. तिच्या स्क्रूचं डोकं उडालं होतं आणि धड भोकातच राहिलं होतं.

ऑफिसच्या ग्रुपवर फोटो टाकला. लगेच उत्तर : "नवीन घे ना, स्वस्त पडेल."

हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. स्वस्त कुणाला पडेल? आणि का पडेल, हे कधी कुणी विचारतं का?

ड्रिल मी मारलं नाही. पोलादी स्क्रू पितळेपेक्षा कडक, त्यामुळे ड्रिल घसरून मऊ पितळेत घुसतं आणि भोकाची वाट लागते. घड्याळजींची जुनी युक्ती आहे : तुरटी. हो, न्हावी दाढीनंतर फिरवतो तीच. तुरटीचं गरम पाणी पोलाद हळूहळू खातं, पितळेला जवळजवळ हात लावत नाही. (स्प्रिंग आणि खिट्टी आधी काढून ठेवायची, नाहीतर त्याही जातील.) दोन दिवस पातेलं गरम ठेवलं. तिसऱ्या दिवशी सुईने टोचल्यावर काळा चुरा बाहेर आला. खाली आटे शाबूत.

आता नवा स्क्रू. हाताशी ३ मिलिमीटरचा मेट्रिक होता, पिळून बसवला असता तर बसलाही असता, जुने आटे कापत. जुगाडाचं कौतुक करणाऱ्यांनी जरा इथे थांबावं. शेजारच्या धड स्क्रूचं माप घेतलं : व्यास २.८, आट्यांमधलं अंतर ०.५३ मिलिमीटर. म्हणजे ६ बीए. ब्रिटिश असोसिएशनने १८८४ मध्ये ठरवलेलं माप. शून्य नंबरचं अंतर १ मिलिमीटर, पुढचा प्रत्येक नंबर आधीच्याच्या ०.९ पट. मापं सगळ्यांसाठी छापलेली, म्हणून तो स्क्रू आजही चिल्लर पैशांत विकत मिळतो. रील बनवणारा कोण होता हे मला कळलं नाही, आणि कळायची गरजही पडली नाही.

आणि आम्ही काय करतो? २०११ पासून आयफोनच्या बुडाला पाच पाकळ्यांचा स्क्रू आला, तेव्हा घरातला कुठलाच पेचकस त्याला लागेना. पण स्क्रूवर निदान पेचकस तरी निघतो. त्यापुढचं कुलूप आमच्यासारखे लोक कोडमध्ये लिहितात. मीही लिहिलंय. आधीच्या नोकरीत एका उपकरणाच्या बॅटरीचा सिरियल नंबर तपासणारं फंक्शन माझं होतं. नंबर जुळला नाही की यंत्र चालू व्हायला नकार देतं. बॅटरी नवी, चांगली, त्याच कंपनीची असली तरीही.

मीटिंगमध्ये कारण सांगितलं गेलं : सुरक्षितता. ते सगळं खोटं नाही. भिकार लिथियम बॅटरी पेट घेते, चोरीच्या फोनचे सुटे भाग विकले जातात. मग स्क्रीनवर इशारा द्या. जोडणी करायचं सॉफ्टवेअर गल्लीतल्या दुरुस्तीवाल्यालाही द्या. चोरीचा भाग अडवा, विकत घेतलेला का अडवता? अमेरिकेतल्या ऑरेगन राज्याने २०२४ मध्ये असल्या कुलपांवर बंदी आणणारा कायदा केला. आमच्या टीममध्ये मात्र या प्रश्नावर पाच मिनिटंही कुणी घालवली नाहीत. मीही नाही. स्प्रिंट संपवायची होती.

घरमालकांनी रील फिरवलं, कर्रर्र वाजलं. "किती झाले?" त्यांनी विचारलं. मी सांगितलेला आकडा ऐकून त्यांना वाटलं मी भिडेपोटी कमी सांगतोय.

माझं ते फंक्शन अजून चालू आहे. काढायचं तर चार ओळी खोडायच्या आहेत. पण तो कोड आता मला उघडता येत नाही, आणि ज्याने यंत्र विकत घेतलं त्याला तर कधीच येत नव्हता.