आधी गार, मग गरम

गॅदरिंगची क्रॉस कंट्री म्हणजे आपल्याकडे एक सोहळाच! वेळ सकाळी सातची, पाहुणे येणार साडेआठला, मग हार-तुरे, भाषण... आणि झेंडा हलतो तेव्हा सव्वानऊ वाजलेले असतात. महिना मार्चचा. गेल्या वर्षी माझा रूम पार्टनर आठव्या किलोमीटरला डांबरावर बसला तो बसलाच. काय बरळतोय तेच कळेना. टपरीवाल्या मामांनी बर्फाच्या पेटीतलं पाणी सरळ त्याच्या अंगावर ओतलं. पोरं ओरडत होती, "तापल्या अंगावर गार पाणी नको, लकवा मारंल!" मामांनी ऐकलं नाही हे नशीब. धावून उष्माघात झाला की अँब्युलन्सला फोन करायचाच, पण ती येईपर्यंत माणसाला जागेवरच गार करत राहायचं, हेच बरोबर आहे.

पण माझा मुद्दा त्याच्या आधीचा आहे. पळायच्या आधीच अंग गार केलं तर?

हे खूळ नव्हे. 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकला ऑस्ट्रेलियाचे रोइंगवाले बर्फाची जाकिटं घालून वॉर्मअप करत होते. 2004 ला अथेन्सच्या उकाड्यात अमेरिकेची डीना कॅस्टर असंच जाकीट घालून मॅरेथॉनच्या स्टार्टपर्यंत आली आणि ब्राँझ घेऊन गेली.

आता जरा थर्मो काढू. (बॅक राहिलेल्यांनी पुढचा पॅरा सोडला तरी चालेल.) 70 किलोच्या माणसाचं अंग एक अंशानं गार करायला साधारण 245 किलोज्यूल उष्णता काढावी लागते. फ्रिजमधलं अर्धा लिटर पाणी पोटात जाऊन जेमतेम 70 किलोज्यूल ओढतं. तेच अर्धा किलो बर्फाचा चुरा वितळता वितळता 165 च्या वर आणि मग तापता तापता आणखी 75 एक घेतो. म्हणजे जवळजवळ पूर्ण एक अंश! प्रत्यक्षात एवढं उतरत नाही, कारण अंग गप्प बसत नाही, तेही उष्णता तयार करत असतं. तरी फरक पडतो. म्हणून शर्यतीआधी अर्ध्या तासात बर्फाचा बारीक चुरा घातलेलं लिंबू सरबत थोडं थोडं घ्यायचं, मानेवर ओला टॉवेल, सावलीत बसणं. मात्र सरबताची सवय आधी सरावात करा, नाहीतर पोटात गोळा येऊन पहिल्याच वळणावर झुडूप शोधावं लागेल. आणि तालमीतली थंडाई नको. ती मेहनत झाल्यावरची, बदाम-खसखस पोटात घेऊन दहा किलोमीटर कोण पळतंय?

आता खरी गोम. याच माणसाला एक किलोमीटर पळताना अंदाजे 220 किलोज्यूल उष्णता तयार होते. म्हणजे एवढा बर्फ खाऊन आपण कमावला फक्त एक किलोमीटर! बाकीचे नऊ घामाच्या भरवशावर, आणि वर ऊन असताना घाम किती पुरणार? दोहाला 2019 च्या जागतिक स्पर्धेत महिलांची मॅरेथॉन मध्यरात्री ठेवली, तरी 68 पैकी 28 जणींनी मध्येच सोडली. आपल्या मुंबईत जून 2014 च्या पोलीस भरतीत 5 किलोमीटर पळताना काही पोरांचा जीव गेला, तेव्हा कुठे अंतर 3 किलोमीटर झालं. गावाकडून भरतीच्या आशेनं आलेली पोरं होती ती, आपल्याच वयाची.

म्हणून जिमखान्याला सांगणं आहे. बर्फाच्या दोन लाद्या, चुरा करायचं मशीन, शेवटच्या टप्प्यावर पाण्याचा मोठा टब, एवढं द्या. खर्च हार-तुऱ्यांपेक्षा कमीच येईल. पण त्याआधी झेंडा सहाला हलवा. रेक्टरसरांनी त्या दिवशी हॉस्टेलचं गेट पाचला उघडलं की झालं. आणि पाहुणे? त्यांना निवांत साडेआठला बोलवा, बक्षीस समारंभाला. तोवर आम्ही आंघोळ करून, मेसचे पोहे खाऊन पुढच्या रांगेत बसलेले असू.