रंग अजिंठ्याचे घ्या, अंधार नको

जामनेरहून पहूर-फर्दापूरमार्गे अजिंठा जवळच. त्यामुळे बैठकीच्या खोलीत पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीचे चित्र लावावे आणि भिंतींना त्याला शोभतील असे गेरूचे, पिवळ्या मातीचे रंग द्यावेत, ही कल्पना आपल्याकडे कुणालाही आवडावी. मलाही आवडते. टीव्हीऐवजी चित्राभोवती खोली मांडली, तर माणसे एकमेकांकडे तोंड करून बसतील.

पण लेण्यांत प्रकाश मंद ठेवतात तो चित्रांचे रंग टिकावेत म्हणून. घरात जपायची असतात ती माणसे. गडद भिंती आणि मंद दिवे असले की मोतीबिंदू असलेल्या आजींना उंबरा दिसत नाही. म्हातारपणी पडून खुब्याचे हाड मोडले, तर सहसा शस्त्रक्रिया करावी लागते आणि अनेकांचे चालणे पूर्वीसारखे होत नाही.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. चित्रावर एक दिवा लावाल, तर जाण्यायेण्याच्या वाटेवर दोन लावा. उंबऱ्याची कड वेगळ्या, उजळ रंगाची ठेवा. सरकणारी सतरंजी काढा. सोफा खोल आणि बुटका नको. गुडघे दुखणाऱ्यांसाठी हात असलेली, थोडी उंच खुर्ची हवीच. रंगाचा वास जाईपर्यंत खिडक्या उघड्या ठेवा आणि दमेकऱ्याला त्या खोलीत झोपवू नका.

खोली तयार झाली की घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला संध्याकाळी तिथे चालायला, बसायला, उठायला सांगा. ते कुणाचा हात न धरता उठले, तर सजावट जमली.